हुरड्याची पंगत आणि तिचीं तोंडीलावणीं

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील रब्बीच्या जोंधळ्यांत दाणा भरूं लागतो आणि शेतकऱ्याच्या घरीं पाहुण्यांचा राबता सुरू होतो. लेकी-जांवई, व्याही, शहरांत नोकरीस राहिलेले भाऊबंद, मुलांचे स्नेही, असे सारे हुरड्याच्या निमित्तानें शेतावर येतात. पुणें शहरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर ज्यांचीं शेतें आहेत, त्यांस तर पौष-माघांतला रविवार मोकळा मिळणें कठीण. आलेल्या पाहुण्यांपुढें काय ठेवावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां गृहिणीचा. परंतु थोडा विचार केला, तर तो शेतकऱ्याचाहि तितकाच आहे, असें दिसून येईल.

अलीकडे पुष्कळ ठिकाणीं असें दिसतें कीं, आगटीभोंवतीं हुरडा असतो खरा, परंतु त्याच्या शेजारीं बाजारांतून आणलेल्या फरसाणाच्या व वेफरच्या पिशव्या आणि रंगीत गोड पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. ज्यानें आपल्या वावरांत भुईमूग, तीळ, तूर, हरभरा, वांगीं, मिरची आणि ऊस पिकविला, त्यानेंच पाहुण्यांच्या तोंडीं लावावयास शहरांतून पिशव्या विकत आणाव्या, हा व्यवहार उलटा आहे. पैसा गांवाबाहेर जातो, पाहुण्यांस नवें कांहीं मिळत नाहीं, आणि शेतावर कागद व प्लॅस्टिक पडून राहतें तें वेगळेंच. दुसऱ्या कित्येक घरीं याच्या उलट प्रकार घडतो. घरच्या बायका पहाटेपासून भजीं, वडे, पुऱ्या तळीत बसतात आणि हुरड्याची गोडी त्यांच्या वांट्यास येतच नाहीं. हे दोन्ही प्रकार टाळून, घरच्या जिनसांवर, थोड्या श्रमांत आणि सर्वांस सुख होईल अशा रीतीनें ही पंगत कशी उठवावी, याचा विचार या लेखांत केला आहे. त्याच्याच ओघांत हुरड्याच्या वाणांसंबंधीं एक महत्त्वाची गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे.

हुरडा म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. परंतु हिरवें धान्य भाजून खाण्याची चाल आपल्यापुरतीच नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गुजराथेंत सुरतेकडे कोंवळ्या जोंधळ्याचा ‘पोंक’ प्रसिद्ध असून तो शेवेबरोबर खातात. सीरिया, लेबनॉन, ईजिप्त या देशांत गव्हाचीं हिरवीं कणसें भाजून, चोळून, वाळवून ठेवतात. त्यास तेथें ‘फरीक’ म्हणतात, आणि आतां तें धान्य दूरदूरच्या देशांच्या बाजारांतहि जातें. आपल्याकडे मात्र हुरडा हें वेळेचें खाणें. तें आगटीपाशीं बसून, हात भाजत, गरम गरम खावयाचें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. तेव्हां शहरांतील लोकांचें लक्ष जोंधळ्याकडे पुन्हां वळलें. या आस्थेचा उपयोग शेतकऱ्यानें आपल्या परीनें करून घ्यावा, हें योग्यच आहे.

कणसाची पारख

हुरड्याची सारी गोडी योग्य वेळीं तोडलेल्या कणसांत आहे. पीक चिकांत असतां कणीस तोडलें, तर दाणा भाजतांना फुटतो व हाताला चिकटतो. उशीर झाला, तर दाण्यांतील साखरेचें पीठ होतें आणि हुरडा चरचरीत व बेचव लागतो. यासाठीं दाणा नखानें दाबून पाहावा. नख सहज रुतावें, परंतु पांढरा चीक बाहेर येऊं नये. आंतील गर मऊ, मळलेल्या कणकेसारखा असावा. वरचा रंग अद्याप हिरवट असावा. हुरड्याच्या वाणांत ही अवस्था पेरणीपासून साधारणतः ९० ते १०० दिवसांनीं येते आणि ती फार दिवस टिकत नाहीं. म्हणून ज्यांच्याकडे हंगामभर पाहुणे यावयाचे असतात, त्यांनीं सारी पेरणी एकाच दिवशीं न करितां ८-१० दिवसांच्या अंतरानें दोन-तीन हप्त्यांत करावी, म्हणजे हुरडाहि हप्त्याहप्त्यानें येतो.

कणसें शक्य तों त्याच दिवशीं सकाळीं तोडावीं. आदल्या दिवशीं तोडून ठेवलेल्या कणसांची गोडी कमी होते व दाणा सुकतो. तोडलेलीं कणसें सांवलींत, ओल्या गोणपाटाखालीं ठेवावीं. ज्या ओळींतील कणसें हुरड्यासाठीं राखावयाचीं, त्या ओळींवर दाणा भरूं लागल्यापासून कोणतेंहि औषध फवारूं नये. त्याआधीं फवारलें असल्यास डब्यावर लिहिलेली मुदत पुरी झाल्यावांचून कणसांस हात लावूं नये. हुरडा धुतला जात नाहीं व शिजविलाहि जात नाहीं. जें कणसावर असतें, त्यांतील पुष्कळसें पाहुण्यांच्या पोटांत जातें.

किती कणसें लागतील, याचा अंदाज आधीं करून ठेवल्यास नासाडी होत नाहीं. इतर तोंडीलावणीं असतां माणशीं १५० ते २०० ग्रॅम हुरडा पुरतो. पंचवीस माणसांस ५ किलो धरावा. आपल्या वाणाचीं दोन-चार कणसें आधीं भाजून, चोळून, दाणे वजन करून पाहावे. कणसामागें ७० ग्रॅम दाणा मिळत असेल, तर ५ किलोंस ७०-७५ कणसें लागतील. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर धरलें, तर एका गुंठ्यांत सुमारें १,५०० ताटें उभीं राहतात. त्यांतील निम्मीं कणसें जरी चांगलीं निघालीं, तरी पंचवीस माणसांच्या दहा पंगती एका गुंठ्यावर उठतील. यावरून एवढ्यासाठीं किती थोडी जमीन लागते, हें कळून येईल.

आगटी

आगटीची जागा उभ्या पिकापासून, कडब्याच्या गंजीपासून व गोठ्यापासून लांब असावी आणि वारा ज्या दिशेस वाहतो त्या दिशेला यांपैकीं कांहीं नसावें. हात-दीड हात रुंद व वीतभर खोल खळगा खणून त्यांत वाळलेल्या गोंवऱ्या रचाव्या. ज्वाळा बसून लाल निखारा व त्यावर राख धरली, म्हणजे कणसें देंठासकट त्यांत खुपसावीं. जाळावर धरलेलीं कणसें वरून करपतात आणि आंतून कच्चीं राहतात. थोड्या थोड्या वेळानें कणीस फिरवावें, आणि भाजल्याचा खमंग वास सुटला कीं काढून घ्यावें. रंग दिलेलें लांकूड, प्लॅस्टिक किंवा टायरचे तुकडे आगटींत कधींहि घालूं नयेत. त्यांचा विषारी धूर दाण्यांत उतरतो. पाण्यानें भरलेल्या दोन बादल्या जवळ असाव्या, आणि पंगत उठल्यावर निखारा पाण्यानें पुरता विझवून त्यावर माती ओढावी.

भाजलेलें कणीस जाड फडक्यांत किंवा गोणपाटावर धरून गरम असतांनाच चोळावें. थंड झालेल्या कणसाचा दाणा बोंडाला धरून राहतो. चोळलेला दाणा सुपांत पाखडून कोंडा उडवावा. पळसाच्या द्रोणांतून हुरडा वाढल्यास भांडीं घासण्याचें काम वांचतें, आणि द्रोण खतांत जातात.

तोंडीलावणीं

हुरडा गोडसर व मऊ असतो. त्याला तिखट, खारट व आंबट यांची जोड लागते. ती जोड कोरड्या चटण्यांनीं, ठेच्यानें आणि दह्यानें मिळते. खालीं दिलेलीं प्रमाणें सुमारें पंचवीस माणसांचीं आहेत.

शेंगदाण्याची चटणी. सोलापूरकडील ही चटणी सर्वांच्या परिचयाची आहे. अर्धा किलो शेंगदाणे मंद विस्तवावर सावकाश भाजावे. मोठ्या जाळावर दाणा वरून काळा होतो व आंत कच्चा राहतो. निवाल्यावर सालें पाखडून टाकावीं. लसणाच्या २० पाकळ्या, ४ चमचे लाल तिखट, चमचाभर जिरें व चवीपुरतें मीठ घालून उखळांत कुटावें. दाण्यांतील तेल सुटून चटणी मुठींत धरली असतां गोळा राहील, इतकें कुटणें झालें म्हणजे ती साधली. यंत्रावर वाटावयाची असल्यास थांबून थांबून वाटावी, नाहीं तर तिचा लगदा होतो. कोरड्या बरणींत ही चटणी पंधरा दिवस चांगली राहते. येथें एक सूचना करणें जरूर आहे. बुरशी आलेले, काळवंडलेले किंवा सुरकुतलेले दाणे निवडून टाकावे. त्यांतील विष भाजल्यानेंहि पुरतें जात नाहीं. तसेंच बियाण्यासाठीं औषध चोळून रंगविलेले दाणे धुऊनसुद्धां खाण्याच्या कामीं घेऊं नयेत.

कारळ्याची चटणी. दोन वाट्या कारळे नीट निवडावे, कारण त्यांत खडा व माती हमखास असते. मंद आंचेवर तडतडूं लागेपर्यंत भाजावे. ८-१० सुक्या मिरच्या, लसणाच्या १२ पाकळ्या व मीठ घालून जाडसर कुटावे. तिळाची व जवसाची चटणीहि याच रीतीनें होते. कारळे, तीळ, जवस हीं पिकें ज्यांनीं बांधाच्या कडेनें राखलीं आहेत, त्यांच्या घरीं या चटण्यांस विकत कांहींच आणावें लागत नाहीं.

हिरव्या मिरचीचा ठेचा. १०० ग्रॅम हिरव्या मिरच्या व लसणाच्या १५ पाकळ्या तव्यावर थोड्या तेलांत डाग पडेपर्यंत परताव्या. वाटीभर भाजलेले दाणे, मीठ व मूठभर कोथिंबीर घालून तव्यावरच तांब्याच्या बुडानें ठेंचाव्या. शहरांतील पाहुणे व लहान मुलें असल्यास दाणे दुप्पट घालावे, म्हणजे तिखटाचा जोर उतरतो.

दहीं व ताक. तीन लिटर दुधाचें दहीं आदल्या रात्रीं मातीच्या मडक्यांत लावावें. मडकें पाणी शोषून घेतें, त्यामुळें दहीं घट्ट होतें. थंडीच्या दिवसांत मडकें चुलीच्या उबेला, गोणपाटांत गुंडाळून ठेवावें. निम्में दहीं हुरड्यांत कालवावयास ठेवावें व निम्म्याचें ताक करावें. ताकांत घालावयाचें पाणी उकळून निवविलेलें असावें. मीठ, भाजलेलें जिरें व थोडें आलें ठेंचून घालावें. दह्यांत कालवलेल्या हुरड्यावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरून दिली, तर तेवढ्यावरच कित्येकांची तृप्ति होते.

तुरीच्या ओल्या शेंगा. तीन किलो भरलेल्या हिरव्या शेंगा धुऊन, मीठ घातलेल्या पाण्यांत पाऊण तास उकडाव्या व पाणी निथळून टोपल्यांत ठेवाव्या. पाहुण्यांनीं आपल्या हातानें सोलून खाव्या. याला तयारी कांहींच नाहीं, आणि गप्पांबरोबर टोपली केव्हां रिकामी होते, हें कळतहि नाहीं.

हुळा. घाटे भरलेलीं हरभऱ्याचीं हिरवीं झाडें मुळापासून उपटून, पाला झडेपर्यंत वाळलेल्या काटक्यांच्या जाळावर भाजावीं. घाटे काळे पडले कीं उतरून, मीठ-तिखट लावून द्यावे. हरभरा पुढेंमागें पेरला असल्यास हुरडा व हुळा एकाच वेळीं साधतात.

वांग्याचें भरीत. अडीच किलो भरताचीं वांगीं आगटीच्या कडेच्या राखेंत पुरून ठेवावीं. कणसें भाजून होईपर्यंत वांगीं आपोआप शिजतात, निराळें सरपण लागत नाहीं. सालें काढून गर कुसकरावा. त्यांत कच्चा कांदा, कांद्याची पात, हिरवी मिरची, मीठ व थोडें कच्चें तेल घालावें. ज्यांस आवडतें त्यांनीं दहीं घालावें, मात्र तें अगदीं वाढतांना; आधीं घातल्यास भरतास पाणी सुटतें.

याशिवाय गूळ, बोरें, पेरू, गाजरें, उसाचीं कांडीं, निखाऱ्यांत भाजलेलीं रताळीं, हे जिन्नस नुसते निवडून, धुऊन ठेवावे. यांपैकीं एकालाहि कढई लागत नाहीं. लातूर, धाराशिव व सोलापूर या भागांत मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे वेळ अमावास्येस, सारें घर शेतावर जातें आणि कडब्याच्या खोपींत पांडवांची पूजा करून आंबील, हिरव्या दाण्यांची व भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे यांचें जेवण होतें. त्या पंगतींतील बहुतेक जिन्नस शेतांतले व घरांतले असतात, आणि पाहुण्यास मात्र राजाचें जेवण जेवल्यासारखें वाटतें. घरच्या जिनसांवर मेजवानी होत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं एकदां ती पंगत पाहावी.

कामाची वांटणी

वरील यादी मोठी दिसली, तरी काम तीन भागांत वांटलें म्हणजे कोणा एकावर भार पडत नाहीं. चटण्या चार दिवस आधीं, जेवणानंतरच्या फावल्या वेळांत कुटून ठेवाव्या. आदल्या दिवशीं दहीं लावणें, शेंगा व घाटे तोडणें, गोंवऱ्या व द्रोण शेतावर नेऊन ठेवणें, हीं कामें करावीं. त्या दिवशीं सकाळीं कणसांची तोडणी, शेंगा उकडणें व ठेचा, एवढेंच राहतें. आगटी लावणें, कणसें भाजणें व चोळणें हें पुरुषांचें काम समजावें. पाखडणें व वाढणें हें मोठ्या मुलांनीं करावें. शहरांतून आलेल्या तरुण पाहुण्यांसहि चोळावयास बसवावें. त्यांत त्यांस कमीपणा वाटत नाहीं, उलट तीच त्यांची करमणूक होते.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, पाहुणचाराचा लौकिक घराच्या नांवावर जातो आणि श्रम मात्र घरांतील दोन-तीन बायकांच्या खात्यावर जमा होतात. हुरड्याची पंगत ही मुळांतच वाढून घेण्याची व हातानें करून खाण्याची पंगत आहे. तिला तळणाची जोड दिली कीं ती पुन्हां चुलीपाशीं जाऊन बसते. घरची बाई आगटीभोंवतीं बसून सर्वांबरोबर हुरडा खाऊं शकली, तर बेत उत्तम जमला, असें समजावें.

उरलेल्या हुरड्याचा उपयोग

चोळून उरलेला हुरडा गरम असतांना डब्यांत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. त्यास घाम सुटून तो आंबतो. परातींत पसरून निववावा आणि फडकें झांकून थंड जागीं ठेवावा. दुसऱ्या दिवशीं त्याचीं थालीपिठें उत्तम होतात. दोन वाट्या हुरडा जाडसर वाटून त्यांत अर्धी वाटी डाळीचें पीठ, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, तीळ व मीठ घालावें. ओल्या फडक्यावर थापून, मध्यें भोंक पाडून, तव्यावर थोडें तेल सोडून दोन्हीं बाजूंनीं खरपूस भाजावें. पुष्कळ उरला असल्यास कडक उन्हांत खणखणीत वाळवून बरणींत भरावा. पुढें तो भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन खातां येतो.

हंगाम संपल्यावरहि पाहुणे येतच राहतात. त्यांच्यासाठीं जोंधळ्याच्या लाह्यांसारखें दुसरें सोपें खाणें नाहीं. जोंधळा कढत पाण्यांत थोडा वेळ घालून उपसावा व रात्रभर फडक्यांत बांधून ठेवावा. सकाळीं सांवलींत सुकवून, चांगल्या तापलेल्या कढईंत मूठ मूठ घालून फोडावा. या लाह्यांस हळद, मीठ, हिंग, कढीलिंब व शेंगदाणे यांची फोडणी दिली, तर त्या हवाबंद डब्यांत आठवडाभर कुरकुरीत राहतात. भाद्रपद-आश्विनांत ओल्या भुईमुगाच्या शेंगा व मक्याचीं कणसें आहेतच. याप्रमाणें वर्षाच्या कोणत्याहि महिन्यांत घरच्या पिकांतून पाहुण्यांपुढें ठेवण्याजोगें कांहीं ना कांहीं निघतें.

गुरांविषयीं इशारा

हुरड्यासाठीं कणसें खुडल्यावर ताटें हिरवींच असतात आणि तीं वैरणीस उपयोगीं पडतात. परंतु तोडलेल्या बुडख्यांस ओल असल्यास नवे फुटवे येतात. जोंधळ्याच्या कोंवळ्या पिकांत आणि अशा फुटव्यांत एक विषारी द्रव्य असतें, व त्यापासून गुरांच्या पोटांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतें. भुकेलें जनावर अशा वावरांत सुटल्यास थोड्याच वेळांत तडफडून मरतें. पाण्याच्या ताणानें खुंटलेल्या पिकांत हा धोका अधिक असतो. म्हणून पंगतीच्या गडबडींत गुरें त्या रानांत शिरणार नाहींत, ही खबरदारी घ्यावी, आणि एखादें जनावर धापा टाकूं लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां जनावरांच्या डॉक्टरास बोलवावें.

हुरड्याच्या वाणांची जपणूक

आतां मूळ महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. सगळ्या जोंधळ्याचा हुरडा सारखा होत नाहीं. भाकरीसाठीं नांवाजलेला मालदांडी ३५-१ हा मोहोळच्या केंद्रांतून निघालेला वाण धान्य व कडबा या दोहोंस उत्तम आहे. परंतु खास हुरड्यासाठीं आपल्या वाडवडिलांनीं निराळे वाण राखले होते. गूळभेंडी, कुचकुची, सुरती, काळी दगडी हीं नांवें जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप ऐकूं येतात. त्यांचा दाणा गोड व मऊ असतो आणि बोंडापासून सहज सुटतो. हे वाण मोठ्या क्षेत्रावर कोणी पेरीत नसे. बांधालगत चार ओळी, मळ्याच्या कडेला दोन ओळी, एवढीच त्यांची जागा होती.

याच कारणानें ते नाहींसे होण्याचा संभव अधिक आहे. धान्याचा वाण पिकून खळ्यावर येतो, त्यामुळें त्याचें बीं घरांत राहतें. हुरड्याचा वाण हिरवेपणींच खाल्ला जातो. पाहुण्यांच्या भरांत शेवटचें कणीस आगटींत गेलें, म्हणजे तो वाण त्या घरापुरता संपला. जोंधळ्याचें क्षेत्रच महाराष्ट्रांत कमी होत चाललें आहे, ऊस व भाजीपाला यांनीं त्याची जागा घेतली आहे, आणि पुण्याच्या आसपास तर जेथें मळे होते तेथें वसाहती उभ्या राहिल्या आहेत. अशा स्थितींत एका घरांतून गेलेला वाण शेजारच्या घरांतून परत मिळेल, ही खात्री उरलेली नाहीं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें हुरड्यासाठीं ‘फुले उत्तरा’ आणि त्यानंतर ‘फुले मधुर’ हे वाण काढले आहेत. ज्यांच्यापाशीं जुनें बीं नाहीं, त्यांनीं ते अवश्य लावावे. परंतु ज्यांच्यापाशीं घराण्याचा वाण आहे, त्यांनीं तो सोडूं नये. नवे वाण काढावयास संशोधकांसहि जुन्या वाणांचाच आधार लागतो.

जपणुकीची रीति फारशी कठीण नाहीं. पेरणी झाली कीं हुरड्याच्या ओळींतील चार हात लांबीचा तुकडा बियाण्यासाठीं म्हणून खुणेच्या काठ्या रोंवून निराळा करावा आणि तेथील कणसांस कोणी हात लावूं नये, असें घरांत सर्वांस बजावून ठेवावें. जोंधळा मुख्यतः आपल्याच परागानें फळतो. तरी शेजारच्या वाणाचा पराग कांहीं अंशीं मिसळतोच. म्हणून कणीस पोटरींतून बाहेर पडतांच, फुलोऱ्यापूर्वीं, निवडक १५-२० कणसांवर कागदी पिशव्या बांधाव्या. दाणे भरूं लागल्यावर पिशव्या काढल्या तरी चालतें. मात्र पाखरांपासून कणसें राखावीं. पुरतें पिकल्यावर, जातिवंत लक्षणांचीं व निरोगी तेवढींच कणसें ठेवून, उन्हांत वाळवून, हातानें मळून बीं काढावें. तें राख व कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यांत भरावें आणि मूठभर बीं दुसऱ्या एखाद्या विश्वासू घरीं ठेवावयास द्यावें. आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांस देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें मान्य केला आहे, आणि त्याच कायद्याखालीं परंपरेनें राखलेला वाण शेतकऱ्याच्या नांवें नोंदवितांहि येतो.

शहरचें गिऱ्हाईक

शेवटीं दोन शब्द मिळकतीसंबंधीं. शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली या गांवीं, आणि पुण्याच्या भोंवतालच्या अनेक ठिकाणीं, हुरड्यासाठीं येणाऱ्या शहरवासीयांकडून माणशीं आकार घेऊन पंगत दिली जाते. राज्य सरकारनेंहि २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. घरच्या पाहुण्यास फुकट व परक्यास पैसे घेऊन, यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. शेतमालाचा चांगला मोबदला मिळविण्याचा हा एक सरळ मार्ग आहे. मात्र पैसे घेऊन अन्न द्यावयाचें, तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणें नोंदणी करून घ्यावी. पिण्याचें पाणी, हात धुण्याची व शौचाची सोय आणि आगीचा बंदोबस्त यांत कसूर ठेवूं नये.

अशा गिऱ्हाइकास काय हवें असतें, हें ओळखावें. फरसाण व रंगीत पाणी त्याला पुण्यांत पावलोपावलीं मिळतें. तें सोडून तो पन्नास किलोमीटर येतो, तो राखेंतून काढलेल्या कणसासाठीं, उखळांतल्या चटणीसाठीं आणि मडक्यांतल्या दह्यासाठीं. तेंच त्याच्यापुढें ठेवावें, स्वच्छ ठेवावें आणि पोटभर ठेवावें. जातांना चटणीची पुडी, किलोभर जोंधळा किंवा गुळाची ढेंप त्यानें विकत मागितली, तर ती देण्याची तयारी असावी. एकदां ही ओळख पडली, म्हणजे पुढें वर्षभर तो धान्यासाठींहि आपल्याच दारीं येतो.

यंदाच्या हंगामीं आमच्या वाचकांनीं एवढें करावें: पंगतीची यादी करितांना, विकत आणावयाच्या प्रत्येक जिनसेपुढें आपल्या वावरांतलें कोणतें पीक तिची जागा घेऊं शकेल, तें लिहून पाहावें, आणि आगटी पेटविण्यापूर्वीं बियाण्याच्या काठ्या रोंवलेल्या आहेत कीं नाहींत, याची एकदां खात्री करून घ्यावी.